आरटीईच्या जागा, आपली मुलं आणि आपल्या शाळा

नागपुरातल्या खासगी शाळेच्या वर्गात कोण बसणार, हे नुसती फी ठरवत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत. आठवीपर्यंत शिक्षण मोफत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट दिली. शहरात अशी शाळा जवळपास असतेच, म्हणजे या जागा जवळजवळ संपल्याच असत्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही सूट रद्द केली.

जागा वाचल्या, पण मोमिनपुरा-ताजबागेतल्या पालकांनी एक लक्षात घ्यावं. एक लाखाची उत्पन्नमर्यादा दुर्बल घटकाला आहे. मोमीन, अन्सारी असे ओबीसी समाज वंचित गटात येतात, त्यांना ती मर्यादा नाही; मात्र जातीचा दाखला लागतो. तो आत्ताच काढून ठेवा, लॉटरीच्या तोंडावर धावपळ नको.

आता आपल्या शाळांचं. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळं अल्पसंख्याक शाळांना हे बंधन नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेऊन प्रकरण सरन्यायाधीशांपुढं ठेवलं. पुढचा निकाल काहीही येवो, रिक्षावाल्याच्या मुलीला जागा द्यायला कायद्याची सक्ती कशाला हवी? जागा दिल्यावर सहलीत, स्नेहसंमेलनातही ती मागं राहता कामा नये.