उपदेश नको, उपचार हवा

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यवार यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणून मिरविणाऱ्या आपण सर्वांनीच या यादीपुढे थांबावयास हवे.

प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असते असे नाही. आर्थिक ओढाताण, रॅगिंग, जातीवरून होणारी अवहेलना हीही कारणे आहेत आणि ती नाकारून चालणार नाही. तथापि नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार असूनही आपल्या सुशिक्षित घरांतून त्याचे नाव घेतले जात नाही. परगावी शिकणाऱ्या मुलाला आई फोनवर विचारते, ‘जेवलास का?’ वडील विचारतात, ‘पेपर कसे गेले?’ झोप लागते का, हे कोणीच विचारीत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन रमत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटत असेल, तर तो आळस नव्हे. अशा वेळी ‘मन खंबीर कर’, ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ हे ऐकून मूल अधिकच गप्प होते.

डॉक्टरांकडे नेलेच तरी ‘उद्या लग्नाच्या वेळी कळले तर?’ ही धास्ती असतेच. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यावयास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा सवय लागेल या भीतीने त्या परस्पर बंद केल्या जातात. व्यायाम-प्राणायाम अवश्य करावा, पण औषधाच्या जागी नव्हे.

शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. संस्थाचालकांनी एखाद्या प्राध्यापकावरच हे जादा काम सोपवून पाटी लावू नये. ज्याच्या हाती अंतर्गत गुण, त्याच्यापुढे मन कोण उघडे करील?

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहात, खानावळीत लावावयास कोणाच्या ठरावाची गरज नाही. आपल्या कार्यकर्त्यांचा तेथे नित्य वावर असतो. चार दिवस जेवावयास न आलेल्या मुलाच्या खोलीवर जावे, त्याचे ऐकून घ्यावे, आणि शंका आल्यास स्पष्ट विचारावे. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, असे मानसोपचारतज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत.