कबुतरांचे लाड

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडीत, दिएप बंदराजवळ वारांजव्हील नावाचं खेडं आहे. तिथला झां आंगोचा वाडा आमच्या भाचीने पाहिला आणि ढीगभर फोटो पाठवले. त्यातले निम्मे कबुतरखान्याचे! (दादरचा डोळ्यांपुढे आणू नका.) "मामा, कबुतरांचे काय लाड होते बघा," असं खाली लिहिलेलं. लाड होतेच. पण ते कुणाच्या जिवावर, हे फोटोत दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आंगो हा दिएपचा बडा जहाजमालक. मेक्सिकोहून स्पेनला निघालेला खजिना १५२०च्या दशकात त्याच्या एका कप्तानाने भर समुद्रात लुटला. १५२९ साली त्याची दोन जहाजं पार सुमात्राला पोचली. अशा कमाईतून १५३०च्या सुमारास या वाड्याचं काम सुरू झालं. चारी बाजूंनी इमारती, मध्ये ऐसपैस अंगण, एका अंगाला इटालियन धाटणीचा कमानींचा सोपा.

आणि अंगणात तो कबुतरखाना. गोल बुरूज, काळी गारगोटी, फिकट दगड नि लाल विटा यांचे पट्ट्यांवर पट्टे, प्रत्येकाची नक्षी निराळी, वर कांद्यासारखा फुगीर घुमट. आत भिंतीत सुमारे १६०० खोबणी, एकेका जोडप्याला एकेक. म्हणजे ३२०० पाखरं! पिल्लांचं मांस मालकाच्या ताटात, विष्ठेचं खत मालकाच्या जमिनीत. आणि दाणे? ते गावच्या शेतांतले. असा बुरूज बांधायचा हक्क जहागिरीबरोबर येई, आणि पेरलेलं टिपणारं कबुतर मारायची शेतकऱ्याला परवानगी नसे.

मी शाळेत इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात बास्तीय होतं, पावाचा तुटवडा होता, कबुतर नव्हतं. पण ऑगस्ट १७८९मध्ये सरंजामी हक्क रद्द करणारे जे ठराव झाले, त्यांतलं दुसरंच कलम कबुतरखान्यांचं आहे. गाव ठरवील त्या दिवसांत कबुतरं कोंडून ठेवायची, बाहेर आली तर ज्याने त्याने आपल्या शेतात खुशाल मारावीत. माझ्या हाती असतं तर बुरुजाच्या दाराशी हे कलम ठळक अक्षरांत लावलं असतं.

कुणी म्हणेल, मास्तर, सुंदर वस्तू नुसती सुंदर म्हणून बघा की! बघतोच आहे. गवंड्यांच्या हाताला तर माझा नमस्कार. पण ही नक्षी मुळात दरारा बसवण्यासाठीच होती. ती ज्यांना रोज शेतातून दिसायची, त्यांना वगळून कौतुक करणं मला अर्धवट वाटतं.

असो. आंगोचं पुढे फार वाईट झालं. १५४७ साली राजा पहिला फ्रान्स्वा वारला, राजाला दिलेले पैसे बुडाले, मागे कोर्टकचेऱ्या लागल्या. १५५१ साली तो गेला. दिएपमधलं त्याचं कोरीव लाकडी घर १६९४च्या तोफमाऱ्यात जळून खाक झालं. खेड्यातल्या या वाड्यात मात्र नंतर शेतकऱ्यांचा संसार आला, आणि १८६२ साली सरकारने ऐतिहासिक वास्तू म्हणून त्याची नोंद केली.