बर्फाखाली पंधरा मिनिटे

आमच्या नांदगाव पेठेत बर्फ म्हटला म्हणजे रसवंतीवरची लादी, लग्नातले सरबत आणि पोरांचा गोळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा बर्फाने माणूस मरतो हे इथल्या कोणाच्या मनातही येत नाही. पण गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका वहिनींनी आम्हाला वाटेत थांबवले. त्यांचा मुलगा अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे महामार्गालगत सोळाशे मीटर धावतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, नदीत माणूस बुडला त गळ टाकून काढते. मंग बर्फातला माणूस लवकर काऊन नाही सापडत? माह्या पोराले तिकडं धाडलं तं?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो म्हणून वेळ मारून नेली आणि मग वाचायला बसलो. जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण सैन्यात मुलगा असलेली घरे आपल्यात थोडीथोडकी नाहीत. १९४१ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. तेव्हापासून वऱ्हाडातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर लष्करी गणवेशातला एक फोटो लागलेला आहे.

वहिनींच्या प्रश्नामागे काय होते तेही आम्हाला ठाऊक आहे. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात हिमकडे कोसळले. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी लष्कराची एक छावणी गाडली गेली, एक गस्तीची तुकडीही सापडली. पहिल्या रात्री ७ जणांना जिवंत बाहेर काढता आले. बाकीच्यांचे मृतदेह पुढच्या दिवसांत मिळाले. त्या आपत्तीत अकोला जिल्ह्याने आनंद गवई आणि संजय खंडारे हे दोन जवान गमावले. हवामान इतके खराब होते की पार्थिव न्यायलाही हेलिकॉप्टर उडेना. अकोल्यात लोक दिवसामागून दिवस वाट पाहत राहिले. ती वाट पाहणे ज्यांनी पाहिले, त्यांना बर्फ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आता प्रश्नाकडे येतो. पाण्यातला शोधही सोपा नसतो. वरुड तालुक्यातील झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत होडी उलटून ११ जण गेले, तेव्हा सगळे मृतदेह मिळायला काही दिवस लागले होते. तरी पाणी माणसाला वाट देते, पाणबुडा आत शिरतो. बर्फाचे तसे नाही. डोंगरावरून सुटलेला बर्फ वाहताना पिठासारखा भुरभुरीत दिसतो, पण थांबला की काही क्षणांत सिमेंटसारखा घट्ट बसतो. आत अडकलेल्या माणसाला बोटसुद्धा हलवता येत नाही. तोंडासमोर थोडी पोकळी राहिली तर तो श्वास घेतो, पण त्याच्याच श्वासाची वाफ गोठून तोंडाभोवती बर्फाचे कवच तयार होते. म्हणजे तो थंडीने मरण्याच्या आधी गुदमरतो. आमचा समज नेमका उलटा होता.

आम्ही पडलो कारकून, आकडा मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून १९९४ साली काही डॉक्टरांनी हिशेब मांडला. पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्या शंभरांपैकी नव्वदांवर माणसे वाचली. पस्तीस मिनिटे झाली तर तीसच. अलीकडच्या अभ्यासात ती पहिली मुदत दहा मिनिटांवर आली आहे. आता सांगा, बाहेरचे पथक दहा मिनिटांत येणार कुठून? हिवाळ्यात गुरेझचा रस्ताच बंद असतो. राजदान खिंड सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे, ती बर्फाने बुजते. म्हणून खरे बचाव पथक म्हणजे शेजारी उभा असलेला सोबती. त्याच्याजवळ फावडे आहे का, लांब सळई आहे का, गाडलेल्याच्या अंगावर संदेश देणारे यंत्र आहे का, आणि हे सगळे वापरण्याचा सराव आहे का, यावर जीव ठरतो.

सळई म्हणजे तीनेक मीटरची जोडून लांब करता येणारी काठी. माणसे खांद्याला खांदा लावून रांग धरतात, एकाच वेळी सळई बर्फात खुपसतात, काढतात, एक पाऊल पुढे सरकतात. मऊ काही लागले की खणायला सुरुवात. उंचावर हवा विरळ असते, धडधाकट जवानही काही मिनिटे खणून धापा टाकतो, मग दुसरा पुढे येतो. थंडीने विजेऱ्या उतरतात. उघडा हात लोखंडाला चिकटतो. शिवाय वरचा उतार पुन्हा सुटेल की काय ही धास्ती असते, म्हणून एक माणूस नुसता वर नजर ठेवून उभा करावा लागतो. शोधणाऱ्यांनाच शोधण्याची पाळी येऊ नये म्हणून. हेलिकॉप्टर आले तरी त्या उंचीवर ते एकदोन माणसांपेक्षा जास्त उचलू शकत नाही, आणि ढग असले तर येतच नाही.

सियाचीनचे उदाहरण पुष्कळांना आठवत असेल. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून १० जवान गाडले गेले. त्यात आपल्या साताऱ्याचे सुनील सूर्यवंशीही होते. बर्फ दगडासारखा होता, कापायला विजेच्या करवती आणि खडक फोडण्याची यंत्रे वर न्यावी लागली. डॉट आणि मिशा या दोन कुत्र्यांनी वास काढत जागा दाखवली. सहाव्या दिवशी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. तंबूत हवेची पोकळी राहिली होती म्हणून ते तग धरू शकले, असे तेव्हा सांगण्यात आले. सारा देश त्या बातमीने उठून बसला होता. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या इस्पितळात ते गेले.

इथेच या कामाची सगळ्यात अवघड बाजू आहे. बाहेर काढले म्हणजे वाचवले असे होत नाही. जानेवारी २०१७ मध्येच माछिल भागात बर्फाखालची वाट खचून ५ जवान अडकले. त्यांना जिवंत काढले, पण हवामानामुळे दोन दिवस खाली आणता आले नाही. ३० जानेवारीला पाचही जण गेले. त्यात सांगली जिल्ह्यातले एक जवान होते. गारठलेल्या माणसाला घाईने उचलले, उभे केले, हातपाय चोळले, तर हातापायातले थंड रक्त छातीकडे येते आणि हृदय बंद पडू शकते. त्याला आडवाच ठेवायचा, ओले कपडे काढायचे, आधी छाती-पोटाला ऊब द्यायची. आणि दारू तर मुळीच पाजायची नाही. दारूने गरम वाटते, पण अंगातली ऊब बाहेर जाते. (आपल्याकडे हिवाळ्यात "थंडीपुरती" घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

आमची तक्रार एकच आहे. भरतीला मुलाची छाती मोजतात, धाव मोजतात, पण त्याच्या आईशी कोणी बोलत नाही. मुलगा कुठल्या कामावर जाऊ शकतो, तिथे काय शिकवतात, गुलमर्गला लष्कराची उंच डोंगरातल्या युद्धाची शाळा आहे आणि तिथे बर्फावर जगणे आणि बर्फातून माणूस काढणे दोन्ही शिकवतात, हे घरच्यांना कळले तर त्यांची रात्र थोडी तरी हलकी जाईल. धोका लपवून ठेवल्याने तो कमी होत नाही.

हे सगळे आम्ही वहिनींना ओट्यावर बसून सांगितले. भीती वाटेल म्हणून काही गाळले नाही. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाला म्हणाल्या, "ते काठीचं अन् फावड्याचं शिकवतीन तवा ध्यान देजो. सोबतच्याले कामी पडते." आणि आम्हाला विचारले, मोजे सुती द्यावे की लोकरीचे. लोकरीचे, असे आम्ही सांगितले. सुती मोजा घामाने ओला झाला की पाय गारठवतो, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते.

मुलाची धाव अजून वीस सेकंदांनी कमी पडते आहे. त्याचे जातीच्या दाखल्याचे कागदही अडकले आहेत. पुढच्या अंकात भरतीला लागणाऱ्या कागदपत्रांबद्दल लिहू.