चाळिशीतला श्रीगणेशा

२०१८ साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची निवड केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशीमचा समावेश झाला. आरोग्य, शिक्षण, शेती, कौशल्य अशा निकषांवर या जिल्ह्यांची प्रगती मोजली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु दिवसभर फळ्यापुढे अथवा फायलींपुढे राबणाऱ्या माणसाला सायंकाळी स्वतःसाठी काय शिकावेसे वाटते, याचा निकष कोणी ठरविलेला नाही. रिसोडच्या वा कारंज्याच्या एखाद्या शिक्षकाने किंवा कारकुनाने चाळिशीत व्हायोलिन हाती घेतले, तर ‘आता या वयात?’ हा प्रश्न घरातून आणि शेजारातून एकदमच येईल. प्रश्न थट्टेचा असला, तरी त्याचे उत्तर गांभीर्याने द्यावयास हवे.

व्हायोलिन कठीण आहे, यात शंका नाही. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला स्वर निघतो. सतारीला पडद्यांचा आधार असतो. व्हायोलिनच्या चार तारांखाली पडदाच नाही. बोट केसभर सरकले की स्वर ढळतो, गजाचा दाब चुकला की तार किंचाळते. लहान मुलाला हे फारसे बोचत नाही. प्रौढाची गोष्ट निराळी. त्याने आयुष्यभर नभोवाणीवरील गीते, नाट्यपदे, भजने ऐकलेली असतात. कान चाळीस वर्षांचा आणि हात महिनाभराचा, अशी ही विषम जोडी! आपण बेसूर वाजवीत आहोत, हे इतरांच्या आधी त्यालाच कळते आणि बोटे हार मानण्यापूर्वी मन लाजते. वस्तुतः हा तयार कान हेच त्याचे भांडवल आहे. चूक ऐकू आल्यावाचून ती दुरुस्त होत नाही.

लहान मुलांना व्हायोलिन शिकविण्याच्या पद्धतीमुळे जगप्रसिद्ध झालेले जपानचे शिनिची सुझुकी स्वतः सतराव्या वर्षाच्या सुमारास या वाद्याकडे वळले. सतरा म्हणजे चाळीस नव्हे, हे खरे. वाईत जन्मलेले वि. गो. जोग किंवा ‘गाणारे व्हायोलिन’ घरोघरी नेणारे प्रभाकर जोग यांची पातळी प्रौढ विद्यार्थ्याने गाठावी, अशी अपेक्षाही कोणी करू नये. रोज अर्धा तास बसून वर्षा-दोन वर्षांत एखादे भजन सुरात वाजविता आले, तर तेवढे फळ पुरेसे आहे.

मात्र त्यासाठी सोबत हवी. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने जागविलेल्या या प्रदेशात भजनी मंडळात बसणाऱ्याला कोणी वय विचारीत नाही. एकाचा चुकलेला ठेका दहाजणांच्या ठेक्यात सामावला जातो. व्हायोलिन शिकणारा मात्र एकाकी पडतो. यावर उपाय खर्चाचा नाही. शाळांच्या खोल्या सायंकाळी रिकाम्या असतात; सार्वजनिक वाचनालयांनाही एखादी खोली देता येईल. पाच-सहा प्रौढ एकत्र आले, तर गावात शिक्षक नसला तरी सुमारे ८० किलोमीटरवरील अकोल्याहून आठवड्यातून एकदा शिक्षक बोलाविणे वर्गणीतून साधू शकेल. संस्थाचालकांनी आणि वाचनालयांच्या कार्यकारिणींनी एवढे औदार्य दाखवावे.

यातून लाभ केवळ त्या पाच-सहाजणांचाच होईल, असे नव्हे. चुकत चुकतच शिकावे लागते, असे शिक्षक विद्यार्थ्यांना नित्य सांगत असतात. तोच शिक्षक सायंकाळी शाळेच्या खोलीत स्वतः चुकताना, थांबताना आणि पुन्हा गज उचलताना विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडला, तर त्या उपदेशावर त्यांचा विश्वास बसेल.