मासा न धरण्याचा हंगाम

माझ्या मासेमारीचा विषय निघाला की घरच्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "साल्मन म्हणजे आपला रावसच ना रे?" हॉटेलवाल्यांनी मेन्यूकार्डावर रावसाचा 'इंडियन साल्मन' केल्यापासून हा घोळ चालू आहे. तर मंडळी, नाही. रावस वेगळा, साल्मन वेगळा, दोघांत चुलत-मावस नातेसुद्धा नाही. दुसरा प्रश्न माझ्या शाकाहारी आत्याचा. "दुकानात मिळतो ना मासा? मग मौज म्हणून कशाला मारायचा?" पहिला प्रश्न इथेच संपला. दुसऱ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी ज्या माशाबद्दल बोलतोय तो सॉकाय साल्मन. हे नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या हल्कोमेलम भाषेतून आले आहे. इंग्रजीतल्या सॉक्सशी किंवा डोळ्याशी त्याचा काही संबंध नाही :) समुद्रात असताना हा अंगाने रुपेरी आणि पाठीवर निळसर असतो. अंडी घालायची वेळ आली की अंग लालभडक आणि डोके हिरवे होते. बाकीच्या साल्मनपेक्षा त्याचे वेगळेपण असे की त्याला बहुधा तळे लागते. नदीत जन्मलेली पिल्ले तळ्यात उतरतात, एक-दोन वर्षे तिथे वाढतात आणि मग समुद्राकडे जातात. तिथे दोन-तीन वर्षे काढून, दोन-तीन किलोचे होऊन ज्या पाण्यातून निघाली तिथेच परत येतात, अंडी घालतात आणि मरतात. अंडी घालायची संधी आयुष्यात एकदाच. पुढच्या वर्षी पुन्हा, असा प्रकार नाही.

गळाने धरायला हा मासा तसा विचित्रच. इतर साल्मन हेरिंगसारख्या छोट्या माशांच्या मागे धावतात, सॉकाय मात्र मुख्यतः पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. गोड्या पाण्यात शिरला की खाणे जवळजवळ सोडूनच देतो. मग उपाशी माशाला आमिष कसले दाखवायचे? आमच्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये लोकांनी यावर काढलेली युक्ती प्रसिद्ध आहे. चकाकणारी पत्र्याची पट्टी, तिच्या मागे हात-दीड हात दोरी आणि टोकाला नुसता रंगवलेला गळ. आमिष काहीच नाही. वजनाने हे सगळे थंड पाण्याच्या थरापर्यंत सोडायचे आणि होडी चालतेय की नाही असे वाटावे इतक्या हळू न्यायची. मासा चिडून तोंड घालतो की जुन्या सवयीने, यावर होडीत तासन् तास वाद घालता येतो. मासा काही बोलत नाही.

खाऱ्या पाण्यात खुबी निराळी. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर पोर्ट अल्बर्नी नावाचे गाव आहे. तिथे समुद्राची एक लांब, अरुंद खाडी डोंगरांतून थेट आत घुसली आहे. खाडीच्या टोकाला सोमास नदी मिळते आणि तिच्यातून सॉकाय वर ग्रेट सेंट्रल आणि स्प्रोट या तळ्यांकडे जातात. उन्हाळ्यात नदीचे पाणी तापले की मासे वर चढत नाहीत, खाडीच्या थंड खोल पाण्यात थांबून राहतात. लोक त्यांना धरतात ते तिथेच, गळाला गुलाबी रबरी झालर लावून. एका मित्राच्या होडीतून मीही तिथे गेलो आहे. सकाळी साडेआठलाच परवान्यातला त्या दिवसाचा आकडा भरला. सोनारच्या पडद्यावर खाली माशांची रांग दिसतच होती, पण मित्राने दोऱ्या गुंडाळल्या आणि होडी वळवली. कोणी हूं की चूं केले नाही. संध्याकाळी हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तुकड्या तव्यावर टाकल्या. या माशाचा लाल रंग तळल्यावरही टिकतो हे तेव्हा कळले.

या छंदातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा क्षण तो, दोऱ्या गुंडाळण्याचा. आता आमच्या घरापासल्या तळ्याबद्दल बोलतो, कारण तिथे ही गोष्ट एका दिवसापुरती राहिलेली नाही.

लेक वॉशिंग्टनमधले बहुतेक सॉकाय मूळचे तिथले नाहीत. १९३५ पासून इथून दोन-अडीच तासांवरच्या बेकर नदीतल्या सॉकायची पिल्ले आणून इथे सोडली गेली. सीडर नदीत त्यांचे बस्तान बसले आणि पुढे ते लाखांनी परत येऊ लागले. समुद्रातून येताना त्यांना सिएटलच्या बॅलर्ड लॉक्समधून यावे लागते. तिथे त्यांच्यासाठी २१ पायऱ्यांची पाण्याची शिडी आहे आणि काचेतून ते चढताना दिसतात. १९७२ पासून तिथे मासे मोजले जातात. नियम साधा होता. साडेतीन लाखांच्या वर मासे आले तर वरचे धरायचे, नाहीतर नाही. २००६ साली आकडा वर गेला, हंगाम उघडला आणि तळ्यावर होड्यांची जत्रा भरली म्हणतात. मी इथे राहायला आलो २००७ मध्ये. त्यानंतर सॉकायचा हंगाम एकदाही उघडलेला नाही. २०१९ साली तर वीस हजारही मासे आले नाहीत.

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. तळ्याला समुद्राशी जोडणारा कालवा उन्हाळ्यात तापतो. त्यातून आलेले मासे रोगाने मरतात, शिडी चढूनही अंडी घालण्याच्या जागेपर्यंत पोचत नाहीत. बास, वॉलाय असे बाहेरून येऊन वाढलेले मासे पिल्ले खातात. शहराच्या दिव्यांमुळे तळ्यावर पुरता काळोख होत नाही, त्यामुळे शिकाऱ्यांना रात्रीही दिसते. यात गळ टाकणाऱ्यांचा दोष फारसा नाही. तरी बंदी आमच्यावर. म्हणूनच दरवर्षी कोणीतरी म्हणतो, "चार दिवस तरी उघडा. आम्ही असे कितीसे नेणार?"

मला हे म्हणणे पटत नाही. दोष आपला नसला तरी तूट सगळ्यांची असते. घरात पगार कमी आला तर तो कोणामुळे कमी आला हे ठरेपर्यंत आपण हॉटेलात जेवत नाही. शिवाय या माशांवर हक्क फक्त हौशी लोकांचा नाही. १८५० च्या दशकातल्या करारांनी मूळ रहिवाशांच्या जमातींना त्यांच्या नेहमीच्या जागी मासेमारीचा हक्क राखून दिला आणि १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा. त्यांच्यासाठी हा छंद नाही, पोटाचा आणि पूर्वजांचा प्रश्न आहे. त्यांच्याशेजारी उभे राहून "आमचा वीकएंड वाया जातो" म्हणायला मला तरी जीभ रेटत नाही.

पण आत्याचे म्हणणेही मला पूर्ण पटत नाही. सगळी हौशी मासेमारी बंद करा म्हणणाऱ्यांनी बेकर नदी पाहावी. जिथून लेक वॉशिंग्टनचे मासे आले ती ही नदी. १९२५ आणि १९५९ साली तिच्यावर दोन धरणे झाली. खाली काँक्रीट नावाचे गाव आहे (खरेच, सिमेंटच्या कारखान्यांवरून पडलेले नाव). १९८५ साली त्या नदीत परत आलेले सॉकाय होते फक्त ९९! त्यानंतर हॅचरी सुधारली, पिल्ले गोळा करायला तरंगती यंत्रे आली. आज वर जाणारे मोठे मासे काँक्रीटपाशी धरून ट्रकने धरणांपलीकडे नेतात आणि खाली जाणारी पिल्ले ट्रकनेच खाली आणतात. यातले बरेचसे वीज कंपनीला परवान्याच्या अटींमुळे करावे लागते. चांगल्या वर्षी आता पन्नास हजारांच्या आसपास मासे येतात आणि २०१० पासून तळ्यात गळ टाकायलाही मिळतो. ९९ वरून पन्नास हजार! लोकांना त्या माशाचे काही पडलेले नसते तर इतका खटाटोप इतकी वर्षे कोणी चालू ठेवला असता, असे मला वाटत नाही. ज्याच्या ताटात मासा येतो तो दरवर्षी विचारतो, यंदा किती आले? दुकानातून बिनकाट्याची तुकडी आणणारा हा प्रश्न सहसा विचारत नाही.

आपल्याकडे कोळी लोक नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात आणि मगच होड्या पाण्यात लोटतात. त्याआधीचे दिवस होड्या किनाऱ्यावर. वादळाची भीती असतेच, पण माशांच्या विणीचाही तोच काळ असतो. ती सुटी मासेमारीच्या विरोधात आहे असे कुठल्याही कोळ्याला वाटत नसेल. लेक वॉशिंग्टनची सुटी लांबली आहे, इतकेच.

तेव्हा माझे मत असे. साडेतीन लाखांचा जुना आकडा बदलायचा असेल तर तो शास्त्राच्या आधारे बदलावा, आमच्या कंटाळ्याच्या आधारे नको. आम्ही गळवाल्यांनी हंगाम उघडण्यासाठी आरडाओरडा करण्यापेक्षा कालव्याचे पाणी थंड कसे राहील, तळ्याकाठचे दिवे कमी कसे होतील यासाठी करावा. अलीकडे लॉक्सपाशीच काही मासे धरून थेट सीडर नदीवरच्या हॅचरीत नेण्याचा प्रयोग झाला, तसल्या कामांच्या मागे उभे राहावे. आणि जिथे आकडा भरतो तिथे खुशाल धरावा, हवे तेवढेच धरावेत आणि घरी आणून खावेत. अंडी घालायला निघालेल्या उपाशी माशाला झुंजवून, फोटो काढून परत सोडण्यात मला तरी कसली मर्दुमकी दिसत नाही. तिथे मी पूर्ण आत्याच्या बाजूने.

माझी लेक अकरा वर्षांची आहे. आपल्याच तळ्यात आपण मासे का धरत नाही, असे ती विचारते. मी तिला दर उन्हाळ्यात शिडीच्या काचेपाशी नेतो. ती बोटांवर मोजते, मीही मोजतो. कधी पाच मिनिटांत तीन, कधी एकही नाही. तिला अजून ते कंटाळवाणे वाटत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. तिचा गळ या तळ्यात कधी पडेल ते सांगता येत नाही. पडला तर मोजून पडावा, एवढेच.

असो. रावसाच्या तुकड्या कोणी पाठवणार असेल तर कळवा!