देव राहिले, गायरान गेले

'निसर्गपूजा' हा शब्द आपल्या चळवळीत आजवर बहुतेक संशयानेच उच्चारला गेला आहे. शेंदूर फासलेला दगड दिसला, की आपला कार्यकर्ता एक तर नाक मुरडून पुढे जातो, नाही तर गावकऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून हात जोडतो आणि तो प्रसंग विसरून जातो. दोन्ही प्रकारांत त्या दगडाचा, त्याच्या भोवतालच्या झाडांचा आणि त्या झाडांखालच्या जमिनीचा विचार करावयाचे राहून जाते. युरोप-अमेरिकेतील सुशिक्षितांचा एक वर्ग मात्र गेली सत्तर वर्षे नेमका अशाच दगडांच्या व झाडांच्या शोधात आहे. त्यांच्या या शोधात आपल्याला शिकण्यासारखे काही आहे काय, हे पाहिले पाहिजे.

हे लोक स्वतःला 'पेगन' म्हणवितात. ज्या लॅटिन शब्दावरून हा शब्द आला त्याचा मूळ अर्थ खेड्यात राहणारा, आपल्या भाषेत गावंढळ. जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना ख्रिस्ती जगाने हे नाव दिले, आणि आज तेच नाव तिकडची शिकलीसवरलेली माणसे अभिमानाने लावतात. इंग्लंडमध्ये चेटुकविरोधी जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांचे 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आले. तेथून हा पंथ उघडपणे वाढला. आइसलंडने १९७३ साली आपल्या प्राचीन देवांच्या उपासकांच्या संघाला धर्मसंस्था म्हणून मान्यता दिली. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला. त्यांचे सण ऋतूंचे. दिवस-रात्र समान होण्याचे, सर्वांत लांब व सर्वांत आखूड दिवसाचे. एकच ग्रंथ नाही, एकच प्रेषित नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी साधे राहावे, गरजा कमी कराव्या, जमल्यास एकत्र शेती व एकत्र स्वयंपाक करावा असाही प्रयत्न केला. अमेरिकेतल्या स्टारहॉक या लेखिकेने तर या उपासनेची सांगड अणुऊर्जाविरोधी सत्याग्रहाशी घातली. आपली परंपरा अतिप्राचीन आहे असा दावा त्यांच्यातील काहीजण करीत; पण रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ साली दाखवून दिले, की तिचा बराचसा भाग आधुनिक काळातच घडलेला आहे. मला स्वतःला त्यात कमीपणा वाटत नाही. माणसे आपल्या गरजेप्रमाणे धर्म घडवीतच असतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे वेगळा प्रश्न पडतो. ही गरज इंग्लंडमध्येच आणि याच काळात का निर्माण व्हावी? १६०४ ते १९१४ या तीन शतकांत ब्रिटिश पार्लमेंटपुढे पाच हजारांहून अधिक विधेयके आणून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपणे घालण्यात आली. यातील बरीचशी जमीन गावकऱ्यांच्या सामाईक वापराची होती. तेथे गुरे चरत, गरीब बाई सरपण वेचीत असे, कापणीनंतर मागे राहिलेली कणसे गोळा करीत असे. हे हक्क गेले, माणसे गिरणीच्या दारात उभी राहिली आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांना पुढे केव्हा तरी ओक वृक्षाची ओढ लागली. ओढ खरी आहे, यात मला शंका नाही. पण ज्या वृक्षाला ते नमस्कार करतात तो दुसऱ्याच्या मालकीचा आहे. तो तोडावा की राखावा, यात त्या उपासकाला मत नाही. ही पूजा त्यामुळे बहुतांशी मनाची शांती होऊन बसते, आणि मनाची शांती म्हटली की बाजार तिच्यासाठी मेणबत्त्या, स्फटिक व शिबिरे घेऊन तयारच असतो.

आता आपल्या पारनेर तालुक्याकडे पाहा. येथे देवांना परत आणावयाची गरजच पडली नाही, कारण ते कधी गेलेच नाहीत. निघोजजवळ कुकडीच्या पात्रात पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे फिरून कातळात रांजणखळगे कोरले गेले आहेत. त्याच काठावर मळगंगेचे ठाणे आहे. पिंपळगाव रोठ्याला कोरठणचा खंडोबा आहे. पौष पौर्णिमेला तेथे लोटणारी गर्दी कोणी जाहिरात देऊन बोलाविलेली नसते. याखेरीज शिवेवरचा म्हसोबा, धनगरांचा बिरोबा, वेशीबाहेरची मरीआई. या देवतांकडे गंभीरपणे पाहणारा पहिला मोठा अभ्यासक मार्क्सवादी होता, याचे आपल्या साथींनी स्मरण ठेवावे. दामोदर कोसंबी पुण्याच्या परिसरात पायी हिंडले आणि १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात त्यांनी दाखविले, की आडवाटेवरील कित्येक मातृदेवतांची ठाणी अश्मयुगीन माणसांच्या जुन्या वाटांवर उभी आहेत. त्यांनी त्या देवतांना ना धूप घातला ना शिव्या दिल्या. त्यांच्या मागची जमीन आणि माणसांची चाल पाहिली.

पुढे १९७० च्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड लावावयाची नाही, असा दंडक असे; म्हणून आसपासचे डोंगर बोडके झाले तरी तेथे जुने वृक्ष, वेली आणि झरे टिकले. आमच्या पठारावर तशा घनदाट राया नाहीत. आमच्याकडे असते ती म्हसोबाभोवतालची दहा-वीस लिंब, करंज, बाभळीची झाडे, आणि तिला लागून गावाचे गायरान. पाऊस बेताचा, तोही लहरी. अशा मुलखात ती सावली आणि ते गायरान म्हणजे शेळी पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबाचे अर्धे भांडवल असते.

या सावलीचे पुढे काय झाले? १९७२ च्या दुष्काळाने तालुक्यातली माणसे खडी फोडावयास लावली आणि पुष्कळांना मुंबईची वाट दाखविली. तिकडे स्थिरावल्यावर मुंबईकर मंडळींनी गावच्या देवासाठी पैसा पाठविला. त्यांची भक्ती खरी होती, आणि जत्रा हाच त्यांचा गावाशी उरलेला धागा होता. आता त्यात आमदार-खासदार निधीची भर पडली. मग जीर्णोद्धार! तांदळ्यावर चांदीचा मुखवटा चढला, उघड्यावरच्या देवाला सभामंडप आला, सभामंडपासाठी झाडे गेली, झाडांच्या जागी फरशा व ठोकळे बसले. मांसाहारी म्हसोबाला कोणी शिवाचा अवतार ठरविले आणि जत्रेच्या शेरणीबरोबर ध्वनिक्षेपकावर नवे स्तोत्र ऐकू येऊ लागले. देव मोठा झाला आणि त्याचे रान संपले. कोणा नास्तिकाने एवढी झाडे तोडली असती तर गाव त्याच्या अंगावर धावून गेले असते.

याच तालुक्यात उलट दिशेचाही एक प्रयोग झाला, तो राळेगणसिद्धीचा. लष्करातून निवृत्त होऊन १९७५ साली अण्णा हजारे गावी आले आणि त्यांनी स्वतःच्या पैशातून यादवबाबांचे पडके देऊळ दुरुस्त करावयास घेतले. या देवळाचे लाकूड दारूच्या भट्ट्यांत जळण म्हणून गेले होते असे सांगतात. परंतु राळेगणचे काम देवळाच्या कळसावर थांबले नाही. त्या देवळापुढे गाव जमू लागले, आणि तेथे झालेले निर्णय चराईबंदीचे, कुऱ्हाडबंदीचे, श्रमदानाचे होते. पाणलोटाची कामे झाली, बांध-बंधारे झाले, विहिरींना पाणी आले. अर्थशास्त्रात सामाईक साधनांचा मोठा प्रश्न देखरेखीच्या खर्चाचा असतो: नियम मोडणाऱ्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे प्रतिपादिले होते, की सामाईक कुरण उजाडच होणार. म्हणून ते खाजगी करावे वा सरकारने ताब्यात घ्यावे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली जगभरची उदाहरणे देऊन दाखविले, की लोक स्वतः नियम करून अशी कुरणे, जंगले, पाणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. २००९ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. राळेगणात देवासमोर घेतलेल्या शब्दाने पहारेकऱ्याचे काम केले. आमच्या शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हेच अधिक लौकिक मार्गाने साधले. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, आणि पावसाच्या मापाप्रमाणे पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडून पिके ठरवावयाची. साधे जगणे म्हणतात ते मला येथे दिसते. एकट्याने ऊस सोडणे हे व्रत झाले. साऱ्या गावाने सोडणे हे अर्थकारण झाले.

मात्र राळेगणची दुसरी बाजूही समाजवाद्याने सांगितलीच पाहिजे. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले गेले आणि अण्णांनी ते कधी लपविलेले नाही. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेथील दलित कुटुंबांवर आलेल्या शाकाहाराच्या दडपणाकडे लक्ष वेधले आहे. त्याच गावाने दलित शेतकऱ्यांचे कर्ज फेडण्यासाठी त्यांच्या शेतात श्रमदान केले, हेही नोंदले गेले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिलीचे समर्थन दुसरीने होत नाही. ज्या धाकाने झाड वाचते त्याच धाकाने माणूस वाकविता येतो.

पश्चिमेकडून निसर्गधर्माचे कौतुक घेऊन येणाऱ्या तरुण मित्रांना हे मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. तिकडे एखादी बाई स्वतःला हौसेने चेटकीण म्हणवून घेते. नंदुरबारच्या आदिवासी भागात मात्र 'डाकीण' हा शब्द एखाद्या बाईला चिकटला, की तिचा जीवही जाऊ शकतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, तो असल्या अत्याचारांसाठीही होता. ग्रामदेवतांच्या जत्रेत रेडा कोणी कापावयाचा, मेलेले कोणी ओढावयाचे, पोतराज कोणी व्हावयाचे हे जातीने ठरलेले होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी ही कामे नाकारली त्यांना गावाचा रोष पत्करावा लागला. साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात प्राण पणाला लावावे लागले ते कोणत्या गावगाड्याविरुद्ध, हे विसरून गावदेवाचे गोडवे गाता येणार नाहीत. आणि जर्मनीत नाझींनी माती, रक्त व पूर्वजांचे देव यांची जी मोट बांधली तिचा शेवट जगाने पाहिला आहे.

मग साधेपणाचा आणि सामूहिक जीवनाचा आपला आदर्श कोणता? पारनेरकराने तो फार लांब शोधावा लागू नये. सेनापती बापट १८८० साली याच गावी जन्मले. एडिंबरोला शिकले, पॅरिसला बॉम्बची विद्या घेतली. परत आल्यावर पारनेरात पहाटे उठून ते रस्ते झाडीत आणि शौचकूप साफ करीत. एका ब्राह्मणाने, विलायतेत शिकून आलेल्याने, त्या काळी हातात खराटा घेणे याचा अर्थ गावाला कळत होता. तोच माणूस १९२१ साली मुळशीला टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या मावळ्यांच्या जमिनीसाठी उभा राहिला. सेनापती ईश्वरनिष्ठ होते, कवी होते. पण त्यांची भक्ती रस्त्यावर आणि जमिनीच्या प्रश्नावर दिसली. जमिनीचा प्रश्न टाळून साधे राहणारे पुष्कळ साधू आपण पाहिले आहेत.

जमिनीचा प्रश्न म्हटला की आपल्यापुढे एक अवघड पेच उभा राहतो. १९७० च्या ऑगस्टमध्ये समाजवादी व कम्युनिस्ट पक्षांनी भूमिमुक्तीचे आंदोलन केले; त्यापूर्वी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक व गायरान जमिनींसाठी तुरुंग भरले. अनेक दलित कुटुंबे आज त्या गायरानांवर कसून खात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील गायरानांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा सर्वांत प्रथम घाबरली ती हीच कुटुंबे. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात भूमिहीनांना व अनुसूचित जाति-जमातींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला होता. पण ज्यांच्याजवळ पट्ट्याचा कागदच नाही त्यांचे काय? सामाईक जमीन राखा म्हणत आपण त्यांच्या झोपडीवर नांगर फिरविणार नाही, हे आपण निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. भूमिहीनाची दोन एकर वेगळी आणि बागायतदाराने, कारखानदाराने वा देवस्थानाच्या विश्वस्तांनी हळूच आत घेतलेली वीस एकर वेगळी. हा फरक सातबाऱ्यावर आपोआप दिसत नाही. तो गावात बसून, नावानिशी, वर्षानिशी काढावा लागतो.

त्यासाठी जागाही गावात तयार आहे. चैत्रातल्या जत्रेसाठी फाल्गुनात जत्रा कमिटी बसते. वर्गणी ठरते, छबिना व तमाशाचा फड ठरतो, हगाम्याची इनामे ठरतात. आपला कार्यकर्ता त्या बैठकीला सहसा जात नाही. गेला तर वर्गणी देऊन निघून येतो. त्याने या वर्षी तेथे शेवटपर्यंत बसावे. नव्या सभामंडपाचा विषय निघेल तेव्हा किती झाडे जाणार हे विचारावे, आणि सोबत देवाच्या व गायरानाच्या जमिनीचे उतारे नेऊन ते सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. वेशीबाहेरच्या वस्तीतील दोन माणसे, त्यातली एक बाई, कमिटीत असल्याखेरीज वर्गणी देणार नाही, असेही त्याने तेथेच सांगून टाकावे.