रेषेबाहेर गेलेला एक हात

मीरा रोडच्या एका ग्राउंडवर परवा कॉलेजची मॅच पाहिली. स्कोअर ४६-४५, शेवटचे १४ सेकंद, थ्रो-इन समोरच्या टीमचा. आघाडीवरच्या टीमच्या डिफेंडरने रेषेपलीकडे हात घातला आणि बॉल उडवला. आमचा सगळा कोपरा ओरडला, ‘भारी!’ आणि शिट्टी वाजली. टेक्निकल फाऊल. एक फ्री थ्रो, तो आत. वर बॉलही त्यांनाच. मॅच गेली. पोरं रेफ्रीवर तुटून पडली, पण खरं सांगायचं तर रेफ्री बरोबर होता.

फिबाचा नियम सरळ आहे. बॉल रेषेच्या आत येईपर्यंत डिफेंडरचा हातसुद्धा रेषेबाहेर जाता कामा नये. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि ओव्हरटाइममध्ये रेफ्री बॉल देतानाच रेषेला समांतर हात फिरवतो. तीच वॉर्निंग. नंतर वेगळी समज मिळत नाही. त्या दिवशीही त्याने हात फिरवला होता, पण त्याचा अर्थ बेंचवर कुणालाच कळला नाही!

मग बचाव करायचा कसा? हात वर, पाय रेषेच्या आत आणि पास घेणाऱ्यांना अडवायचं. टाकणाऱ्याकडे पाचच सेकंद असतात. तेवढ्यात बॉल सुटला नाही तर तो तुमचा. बास्केट झाल्यावरचा थ्रो-इन सोडला, तर त्याला बाजूला एकूण एक मीटरच सरकता येतं. म्हणजे घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

दुसरी चूक पिछाडीवरची टीम करते. घड्याळ थांबवायला फाऊल करायचा असतो, पण तो बॉल टाकण्याआधीच केला जातो. थ्रो-इनमध्ये घड्याळ सुरू होतं ते बॉल कोर्टवरच्या खेळाडूला लागल्यावर. आधीच धरलं तर समोरच्यांचा एक सेकंदही खर्च होत नाही. म्हणून ऑक्टोबर २०२२पासून शेवटच्या दोन मिनिटांतल्या अशा फाऊलला ‘थ्रो-इन फाऊल’ म्हणतात: एक फ्री थ्रो, शिवाय बॉल पुन्हा त्यांच्याकडे. त्याआधी शिक्षा आणखी कडक होती, दोन फ्री थ्रो आणि बॉल. थोडक्यात, पास सुटू द्या, मग धरा.

आता आपल्याकडची खरी अडचण. सोसायटीचं कोर्ट असो की शाळेचं, रेषेला लागूनच कंपाउंडची भिंत, नाहीतर पार्क केलेल्या बाइक. बाहेर दोन मीटर मोकळी जागा नसेल तर डिफेंडरने टाकणाऱ्यापासून एक मीटर लांब राहायचं, हेही नियमातच आहे. पण हा मीटर मोजतो कोण? विरार लोकलच्या दारात उभे राहतो तसे सगळे एकमेकांना चिकटून. अमेरिकेतल्या शाळांच्या मॅचमध्ये जागा कमी असेल तर कोर्टच्या आत तुटक रेषा आखतात. आपल्याकडे मॅचच्या सकाळी खडूने तेवढी आखायला कुणाची परवानगी लागते?